लिझर बॅटरी दोन दिवसांत झोपते, नवी टाकली तरी तेच. शोधायची कुठून?

निवांत_मुक्काम:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. आमचं मोटरहोम सेकंडहँड आहे, इंजिनची बॅटरी एकदम ठणठणीत, पहिल्या सेल्फला गाडी चालू. रडगाणं आहे ते मागच्या लिझर बॅटरीचं, म्हणजे दिवे, पंप वगैरे राहण्याच्या भागातलं सगळं चालवणारी वेगळी बॅटरी. 100 अँपिअर-अवरची एजीएम (पाणी न घालावं लागणारी, बंद लेड-ॲसिड) आहे. रात्रभर मेनची (बाहेरच्या घरगुती विजेची) वायर लावून ठेवली की सकाळी आतल्या डिस्प्ले पॅनेलवर बॅटरी फुल दाखवते, मग वायर काढून गाडी शेडखाली उभी केली, आतला मेन स्विच बंद केला, कुणी हातसुद्धा लावला नाही, तरी दोन दिवसांनी बघावं तर 11.9 व्होल्ट. आणि मुक्कामाला वापरली तर एका रात्रीत पाण्याचा पंप कण्हायला लागतो आणि दिवे पिवळट होतात, तेही सगळे एलईडी असून.

आधी गॅरेजवाल्याने मीटर लावला न लावला आणि सांगितलं बॅटरी गेली, बदला. बदलली. थोडे दिवस बरं वाटलं आणि परत तेच सुरू. आता तोच म्हणतो एक पुरत नाहीये, अजून एक जोडून दोन करा. मला हे काही पटत नाहीये पण वायरिंगमधलं फार कळत पण नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर आहे घरात, तो वापरता येतो थोडाफार.

गाडीत काय काय आहे ते सांगतो: तीन प्रकारे चालणारा फ्रिज (गॅस, मेन, 12 व्होल्ट), गॅसचा अलार्म, पंप, स्टिरिओ, सीटखाली आधीच्या मालकाने बसवलेला 600 वॅटचा इन्व्हर्टर (आम्ही कधी वापरलाच नाही), छतावर एक 120 वॅटचं सोलर पॅनेल. लांबचा प्रवास करून आलो तरी बॅटरी भरल्यासारखी वाटत नाही, हे विशेष. सुरुवात कुठून करू?

शंकासुर:

सोप्पंय, लिथियम टाका आणि सुटा. एजीएम म्हणजे नुसती डोकेदुखी, 100 ची घेतली तरी वापरायला 50 च मिळतात.

वायरवाला:

@शंकासुर दादा, लिथियम चांगलीच आहे पण ती या दुखण्यावरचा इलाज नाही. गळक्या बादलीच्या जागी मोठी बादली ठेवून काय होणार, गळणारं पाणी गळणारच. शिवाय चार्जरचं सेटिंग लिथियमचं हवं, शून्याच्या खाली तापमान गेलं की ती चार्ज करायची नसते, अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरणाऱ्या जनरेटरवरून) भरायची तर डीसी टू डीसी चार्जर लागतो, म्हणजे ती वीज बॅटरीला हव्या त्या व्होल्टेजला आणणारी डबी. म्हणजे एक न सापडलेला फॉल्ट तसाच ठेवून वर नवी चार कामं.

@निवांत_मुक्काम, दुसरी बॅटरी अजिबात घेऊ नका. नवी बॅटरी टाकूनही तेच होतंय म्हणजे बॅटरीवरचा संशय निम्मा तिथेच संपला. निम्माच म्हणतोय, कारण सतत अर्धवट भरलेली राहिली तर नवी बॅटरीसुद्धा सल्फेट धरून (प्लेटांवर थर जमून) लवकर मरते. तीन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करायच्या. बॅटरी स्वतः चार्ज धरून ठेवते का, बंद गाडीत कोण करंट खातंय, आणि भरताना ती खरंच भरतेय का. या तिन्ही एकत्र बघितल्या की माणूस गोल गोल फिरतो आणि शेवटी वैतागून बॅटरी बदलतो.

पहिली परीक्षा बॅटरीची. गाडीतला चार्जर वापरूच नका, कुणाकडून तरी बाहेरचा चांगला स्मार्ट चार्जर आणा, तोही एजीएमवर सेट करून. आधी सोलर पॅनेल त्याच्या कंट्रोलरपासून (पॅनेल आणि बॅटरीच्या मधली चार्ज सांभाळणारी डबी) सोडवा (किंवा जाड कापडाने झाका), कारण बॅटरी काढलेली आणि पॅनेल चालू हे बऱ्याच कंट्रोलरना झेपत नाही. मग बॅटरीची आधी निगेटिव्ह, नंतर पॉझिटिव्ह अशी दोन्ही टर्मिनलं सोडवा, हातात अंगठी कडं असेल तर काढून ठेवा, आणि चार्जरचे चिमटे थेट बॅटरीला लावून पूर्ण भरा. भरली की चार्जर काढा आणि तशीच सुटी राहू द्या. लगेच मोजू नका, चार्जर काढल्या काढल्या वर दिसतं ते वरवरचं व्होल्टेज असतं, ते खाली बसायला काही तास लागतात. दुसऱ्या दिवशी मोजा, मग अजून एकदोन दिवसांनी मोजा.

आकडे साधारण असे: 12.7 च्या वर म्हणजे भरलेली, एजीएम असेल तर 12.8 पण दाखवते. 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 च्या आसपास अर्धी, 12 म्हणजे पाव उरली, 11.8 म्हणजे संपली. सुटी ठेवलेली बॅटरी रोज घसरत गेली तर दोष तिच्यातच. आणि एकदम 10.5 च्या आसपास येऊन बसली तर समजायचं एक सेल शॉर्ट, मग पुढचं काहीच वाचू नका.

आणि हो, मोजायचं ते बॅटरीच्या टर्मिनलवर. पॅनेलवरच्या त्या बॅटरीच्या चित्रावर माझा काडीचा विश्वास नाही.

स्पॅनर_दहा_अकरा:

वायरवाला म्हणतात ते बरोबरच. मी दुसऱ्या परीक्षेचं सांगतो, कारण तिच्यात लोक मीटरचा फ्यूज उडवतात आणि मग म्हणतात मीटरच खराब.

बॅटरी परत जोडताना निगेटिव्हची केबल बाहेरच ठेवा. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात टाका, मिलीअँपिअरच्या नाही. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरा सोडवलेल्या केबलला, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाणार. पण त्याआधी एक युक्ती करा: केबल आणि टर्मिनल एका जाड वायरच्या तुकड्याने जोडा, मीटर लावा, आणि मग तो तुकडा काढा. जोडल्या क्षणी काही उपकरणं झटका घेतात, तो मीटरवर येत नाही. मीटर लागलेला असताना पंप, इन्व्हर्टर, पायरीची मोटर काही म्हणता काही चालू करायचं नाही. मेन स्विच बंद, फ्रिज बंद, सोलर सुटलेलं. आणि पाचदहा मिनिटं थांबा, काही कंट्रोल बोर्ड झोपायला वेळ घेतात.

आता आकडा किती आला तर काळजी करायची? 0.05 ते 0.15 अँपिअर असेल तर गॅस अलार्म, स्टिरिओची मेमरी, एखादा ट्रॅकर एवढंच आहे, सोडून द्या. अर्धा अँपिअर ऐकायला काहीच वाटत नाही, पण 24 तासांचे 12 अँपिअर-अवर झाले, आणि तुमच्या बॅटरीतले वापरण्यासारखे 50 धरले तर चार दिवसांत खेळ खलास. आकडा मोठा आला तर फ्यूज बॉक्समधला एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा धाडकन पडेल तो चोर.

एकच शंका मला, तुमचा तो फ्रिज. 12 व्होल्टवर तो आठ दहा अँपिअर ओढतो, म्हणून तो फक्त इंजिन चालू असतानाच रिलेवरून (विजेवर उघडझाप होणाऱ्या स्विचवरून) चालावा अशी रचना असते. रिले चिकटला तर गाडी बंद केल्यावरही चालूच राहतो. पण तसं असतं तर दोन दिवस कुठले, सकाळपर्यंतच बोंब झाली असती. तरी बघा.

टाँग_टेस्टर:

केबल सोडवायची पण गरज नाही, क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) लावा की. फक्त डीसी मोजणारा हवा, साधा स्वस्तातला टाँग टेस्टर फक्त एसी मोजतो, डीसीच्या वायरवर तो शून्यच दाखवणार आणि तुम्ही म्हणणार सगळं ठीक आहे. आणि लावायच्या आधी झीरो करून घ्यायचा, नाहीतर अर्धा अँपिअर इकडे तिकडे दाखवतो आणि इथे तर आपण अर्ध्या अँपिअरच्याच मागे आहोत.

निवांत_मुक्काम:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेजाऱ्यांचा चार्जर मिळाला. बॅटरी सुटी करून भरली, ठेवली, दुसऱ्या दिवशी 12.82, त्यानंतर परत मोजली तर 12.81. म्हणजे बॅटरी निर्दोष, बरोबर ना?

मग मीटर लावला, स्पॅनर दादांनी सांगितलं तस्संच तुकडा वगैरे लावून. मेन स्विच बंद असताना 0.94 अँपिअर!! बरं मग एकेक करून सगळे फ्यूज काढले तर 0.94 चे 0.86 झाले फक्त. आता फ्यूज बॉक्स रिकामा आहे, स्विच बंद आहे, आणि तरी पाऊण अँपिअरच्या वर कोण खातंय? भूत आहे का काय गाडीत.

वायरवाला:

भूत नाही, आधीचा मालक आहे :) फ्यूज बॉक्स रिकामा असूनही करंट जातोय म्हणजे काहीतरी थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घेतलंय. तुमचा मेन स्विच फक्त फ्यूज बॉक्स तोडतो, टर्मिनलवर बोल्टखाली ज्या ज्या रिंगा बसवल्यात त्या त्याला माहीतही नाहीत. पॉझिटिव्हच्या बोल्टवर किती रिंगा आहेत ते बघा, एकेक उचला आणि मीटर बघा. माझी पैज इन्व्हर्टरवर.

निवांत_मुक्काम:

पैज जिंकलात. चार रिंगा होत्या. लाल जाड वायर उचलली आणि 0.94 वरून सरळ 0.16. ती वायर सीटखालच्या इन्व्हर्टरला जाते, त्याचं बटण पार मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, आणि ते चालूच होतं. एक छोटा हिरवा दिवा जळत असतो तिथे, तो बघायला जमिनीवर झोपावं लागतं! म्हणजे गाडी घेतल्यापासून हा उपटसुंभ काही न करता 0.78 अँपिअर खात बसलाय. सापडलं एकदाचं, खूप खूप धन्यवाद, धागा बंद करायला हरकत नाही.

वायरवाला:

थांबा थांबा, एवढ्यात बंद करू नका. हिशोब जुळत नाहीये.

0.94 गुणिले 48 तास म्हणजे 45 अँपिअर-अवर. तुमची बॅटरी 100 ची आणि चांगली आहे. भरलेल्या बॅटरीतून 45 गेले तर उरले 55, म्हणजे व्होल्टेज 12.2, 12.3 ला असायला हवं होतं. तुम्हाला दिसत होते 11.9. म्हणजे सुरुवातच पाऊण टाकीवर किंवा त्याच्याही खाली होत होती. पॅनेल फुल म्हणत होतं तेव्हा ती फुल नव्हतीच. आणि तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की लांबच्या प्रवासानंतरही भरल्यासारखी वाटत नाही. इन्व्हर्टर हा अर्धा चोर, दुसरा अजून आत आहे.

आता असं करा, सगळं परत जोडा (इन्व्हर्टर सोडून), रात्री दिवे वगैरे लावून बॅटरी थोडी उतरवा, मग मेनची वायर लावा. चार्जर चालू झाल्यावर साधारण अर्ध्या तासात दोन ठिकाणी मोजा, चार्जरच्या स्वतःच्या आउटपुट टर्मिनलवर आणि बॅटरीच्या टर्मिनलवर. तसंच एकदा इंजिन चालू करून, पुढच्या बॅटरीवर आणि मागच्या बॅटरीवर.

शंकासुर:

इंजिनचं म्हणाल तर नवीन गाड्यांमध्ये स्मार्ट अल्टरनेटर असतो, तो पुढची बॅटरी भरली की व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, मागच्या बॅटरीला मग काहीच मिळत नाही. त्याला डीसी टू डीसी चार्जरच लागतो. हे तरी बरोबर बोललो का :)

वायरवाला:

एकदम बरोबर. पण स्मार्ट अल्टरनेटर असेल तर पुढच्या बॅटरीवर मोजतानाच व्होल्टेज खाली दिसेल. म्हणून तर दोन्हीकडे मोजायला सांगितलं.

निवांत_मुक्काम:

मोजलं. चार्जरवर 14.4, बॅटरीवर 13.5. इंजिन चालू असताना पुढे 14.2, मागे 12.9. म्हणजे दोन्हीकडून येताना मधे कुठेतरी जातंय. चार्जर वेगळा, अल्टरनेटर वेगळा, दोन्ही एकदम बिघडले असं कसं होईल?

स्पॅनर_दहा_अकरा:

दोन्ही बिघडलेले नाहीत, दोघांचा शेवटचा रस्ता एक आहे तो बिघडलाय. बॅटरीपाशी पॉझिटिव्हवर एक मोठा फ्यूज असेल इनलाइन होल्डरमध्ये, चार्जर, अल्टरनेटरची वायर आणि फ्यूज बॉक्स सगळे त्यातूनच बॅटरीकडे जातात. चार्जर चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब होल्डरच्या अलीकडे आणि एक पलीकडे. निरोगी जोडावर तिथे शून्याच्या जवळ काहीतरी दिसतं, 0.1 च्या वर गेलं की तिथे गडबड. तिथे नाही सापडलं तर हेच निगेटिव्ह बाजूला करा, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीच्या अर्थपर्यंत, लोक अर्थिंग नेहमी विसरतात.

मीटरचा बझर (वायर जोडलेली आहे का ते वाजून सांगणारा) वाजवून बघू नका. मीटरचा बझर काही ओहमपर्यंत आरामात वाजतो, आणि इथे ओहमच्या दहाव्या भागाने घोळ होतो.

निवांत_मुक्काम:

सापडला!! होल्डरच्या दोन बाजूंमध्ये 0.87 व्होल्ट. हात लावला तर होल्डर चांगलाच कोमट. उघडला तर आतलं प्लास्टिक एका बाजूने वितळून फ्यूजच्या पायाला चिकटलंय, पाय तपकिरी-निळसर झालाय आणि पितळी पकड सैल पडून उघडी राहिलीय, फ्यूज नुसता टेकलेला होता. वायरच्या क्रिम्पमध्ये (टोकाच्या दाबलेल्या जोडात) हिरवी पूड. मजा म्हणजे फ्यूज स्वतः शाबूत आहे, आणि तुम्ही नको म्हणालात म्हणून मुद्दाम बझर लावून बघितला तर वाजला!

एक कळत नाही, एवढ्याशा 0.87 ने बॅटरी भरायची का राहते? चार्जर रात्रभर तर चालू असायचा.

वायरवाला:

छान प्रश्न. चार्जर डोळे मिटून काम करतो, तो स्वतःच्या टर्मिनलवर बघतो. तिथे 14.4 दिसले की त्याला वाटतं झालं, बॅटरी भरत आली, मग तो ठरलेला वेळ तिथे थांबतो आणि 13.6, 13.7 च्या फ्लोटवर, म्हणजे नुसत्या राखणीच्या व्होल्टेजवर, उतरतो. बॅटरीला बिचारीला तेवढ्या वेळात 14.4 मिळतच नाहीत. करंट कमी झाला की मधला ड्रॉपही कमी होतो, म्हणजे शेवटी शेवटी ती थोडी वर येते, पण तोवर चार्जरने गाशा गुंडाळलेला असतो. फ्लोटवर भरलेली बॅटरी भरलेली ठेवता येते, अर्धी बॅटरी रात्रीत पूर्ण भरता येत नाही. पॅनेल पण त्या होल्डरच्या अलीकडून व्होल्टेज घेत असणार, म्हणून त्याला सगळं फुल दिसायचं. पंप कण्हायचा तोही याच जागेमुळे, पाच सहा अँपिअर ओढले की अर्धा व्होल्ट इथेच जळायचा.

आणि जळायचा म्हणजे खरंच. 8 अँपिअर गुणिले 0.87 म्हणजे सात वॅट उष्णता त्या एवढ्याशा डबीत, तासन् तास. प्लास्टिक उगाच नाही वितळलं. बॅटरी बसली म्हणून तुम्ही शोधायला लागलात हे बरंच झालं.

आता तसलाच प्लास्टिकचा झाकणवाला होल्डर परत घेऊ नका. बोल्टने आवळायचा मिडी फ्यूज आणि त्याचा होल्डर घ्या, वायर हिरवी पडलीय तिथून मागे कापून नवा लग (बोल्टखाली बसणारी रिंग) क्रिम्प करा, चांगल्या क्रिम्पिंग टूलने, पक्कडीने दाबून नाही. फ्यूजचा आकडा वायरच्या जाडीप्रमाणे, मोठा टाकला की सुरक्षित असं काही नसतं, उलट आहे. आणि बॅटरीपासून जितका जवळ बसेल तितका जवळ. इन्व्हर्टर ठेवायचाच असेल तर त्याच्या वायरवर स्वतःचा फ्यूज आणि हाताशी येईल असा कट-ऑफ स्विच.

चाकावरचं_बिऱ्हाड:

मधेच घुसतोय. माझी पाण्याची बॅटरी आहे, एजीएम नाही, लक्षणं अशीच. मला पण हेच सगळं लागू का?

स्पॅनर_दहा_अकरा:

हेच सगळं, वर तुम्हाला एक फायदा. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) घालून प्रत्येक सेल वेगळा बघता येतो. भरलेल्या बॅटरीत 1.26 ते 1.28 यायला हवं, आणि एक सेल बाकीच्यांपेक्षा 0.05 ने खाली असेल तर तो गेला. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, आणि प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी बुडेपर्यंतच भरा, चार्ज झाल्यावर वर घ्या. चार्ज करताना सडक्या अंड्यासारखा वास आला किंवा बॅटरी हाताला गरम लागली तर चार्जर बंद, खिडक्या उघडा, आणि ती बॅटरी परत वापरू नका. त्यात चर्चा नाही.

निवांत_मुक्काम:

मिडी फ्यूज बसवला, लग नवे केले. आता चार्जर चालू असताना होल्डरवर 0.03, बॅटरीवर 14.3. इंजिन चालू करून मागे 14.0. बंद गाडीत 0.16, इन्व्हर्टरला कट-ऑफ लावलाय. पंपाचा आवाजच बदलला, घरातले विचारतायत नवीन आणला का. गॅरेजवाल्याला फोटो पाठवले, त्याचं उत्तर आलं की तरीपण दोन बॅटऱ्या असलेल्या बऱ्या. असो.

शेवटचा प्रश्न, इतके दिवस ही बॅटरी अर्धपोटी राहिली, तिचं किती नुकसान झालं असेल? सुटी ठेवल्यावर 12.8 धरते हे खरं, पण तेवढ्यावर निश्चिंत राहू का?

वायरवाला:

नाही, व्होल्टेज धरणं आणि क्षमता असणं या दोन वेगळ्या गोष्टी. 12.8 दाखवणारी बॅटरी 40 च अँपिअर-अवरची उरलेली असू शकते. ते लोड लावूनच कळतं. पूर्ण भरा, चार्जर आणि सोलर दोन्ही तोडा, रात्रभर बसू द्या. मग 12 व्होल्टचा 55-60 वॅटचा हेडलाइटचा जुना बल्ब थेट लावा, साधारण 5 अँपिअर जातात, मीटर लावून खरा आकडा बघून घ्या. बल्ब भयंकर तापतो, फरशीच्या तुकड्यावर ठेवा, सीटवर नाही. दर तासाला व्होल्टेज लिहा. बॅटरीवर छापलेले 100 हे साधारण 20 तासांत, 5 अँपिअरने उतरवून मोजलेले असतात म्हणून हाच लोड.

10 तास चालला की 50 गेले, तिथे थांबा, शून्यापर्यंत नेऊन विनाकारण मारू नका. बल्ब काढा, चारपाच तास राहू द्या आणि मोजा. 12.2 किंवा वर आली तर बॅटरी जवळपास पूर्ण शिल्लक आहे. 12 च्या आसपास आली तर काही भाग गेलाय पण वापरण्यासारखी आहे. आणि दहा तासांच्या आधीच बल्ब चालू असताना 11.5 च्या खाली घसरली तर तिथेच थांबवा, तेवढे तास गुणिले 5 हीच तिची कमाई. झाल्यावर लगेच परत भरा, उतरलेली तशी ठेवू नका.

निवांत_मुक्काम:

आज रात्री चार्जला लावतो, जुना बल्ब आहे पडलेला. रविवारी आकडे टाकतो.